संगणकाची तक्रार मराठींत कशी मांडावी

पेणहून अलिबागकडे जातांना धरमतरचा पूल लागतो. खालीं अंबा नदीची खाडी आहे. पूर्वीं येथें मुंबईहून आगबोट येत असे. आज डोलवीच्या पोलाद-कारखान्याचा कच्चा माल बार्जांतून याच पाण्यानें वर येतो. हें पाणी भरती-ओहोटीचें. अशा खाडींत शिरणाऱ्या तांडेलास किनाऱ्यावरून कोणीं नुसतें ‘अडचण आहे’ असें ओरडून सांगितलें, तर त्याला काय उपयोग? काय अडलें, कोठें अडलें व कशामुळें, एवढें त्याला थोडक्यांत कळलें पाहिजे.

संगणकाच्या तक्रारीचेंही असेंच आहे. चित्रें व बटणें न वापरतां, पडद्यावर आज्ञा टंकून काम करण्याची एक जुनी रीत आहे व ती आजही चालू आहे. आज्ञा पार पडली नाहीं म्हणजे संगणक बहुधा एका ओळींत उत्तर देतो. त्या ओळीचे तीन तुकडे असतात: प्रथम तक्रार करणाऱ्या प्रोग्रॅमचें नांव, मग ज्या वस्तूपाशीं काम अडलें तिचें नांव, आणि शेवटीं कारण. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ किंवा ‘पर्मिशन डिनाइड’ हीं अशीं कारणें होत. हें सारें इंग्रजींत असल्यानें खेड्यांतील नवशिका विद्यार्थी तेथेंच अडतो. फेडोरासारख्या लिनक्स-प्रणालींचें मराठी भाषांतर झालें आहे. त्यांतील बरेंचसें काम रेड हॅट कंपनीच्या पुण्यांतील कार्यालयांत व स्वयंसेवकांच्या हातून झालें. तें काम वाटतें तितकें सोपें नाहीं. तें कां, हेंच येथें सांगावयाचें आहे.

१९९५ पासून वापरांत असलेल्या ‘गेटटेक्स्ट’ या साधनाची योजना अशी: प्रोग्रॅममधील प्रत्येक इंग्रजी वाक्य एका यादींत येतें व त्याखालीं भाषांतरकार आपलें वाक्य लिहितो. जेथें भाषांतर नसेल तेथें इंग्रजी वाक्यच दिसतें. परंतु हीं वाक्यें पुरीं नसतात. त्यांत रिकाम्या जागा असतात. फाइलीचें नांव प्रोग्रॅम चालतांना त्या जागेंत बसतें, आणि तें काय असेल हें भाषांतरकारास आधीं ठाऊक नसतें.

इंग्रजी क्रियापदास याचें कांहींच वाटत नाहीं. ‘____ नॉट फाउंड’ म्हटलें कीं झालें. मराठींत मात्र सापडला, सापडली कीं सापडलें? एखाद्यानें वडिलांच्या कागदपत्रांच्या फाइलीस ‘वडील’ असें नांव दिलें असेल, तर ‘वडील सापडले नाहींत’ हें वाचून घरांत धांदल उडावयाची! उपाय साधा आहे. रिकाम्या जागेपुढें आपल्याला ठाऊक असलेलें एक नाम ठेवावें व क्रियापदाचें लिंग त्या नामाकडून घ्यावें: ‘वडील’ या नांवाची फाइल सापडली नाहीं. मग जागेंत कांहींही येवो, वाक्य मोडत नाहीं.

विभक्तीचेंही तेंच. ‘रोहा’ नांवाच्या फोल्डरांत फाइल ठेवावयाची असेल, तर ‘रोहामध्यें’ असें आपल्या जिल्ह्यांत कोणी म्हणणार नाहीं; आपण ‘रोह्यांत’ म्हणतों. पण संगणकाला सामान्यरूप करतां येत नाहीं. तो नांव जसेंच्या तसें ठेवतो. म्हणून प्रत्यय पुन्हां ठाऊक नामाला लावावा: ‘रोहा’ या फोल्डरांत.

यांहून घातक चूक क्रमाची. ‘कॅनॉट क्रिएट ____ इन ____’ या वाक्यांत आधीं फाइल व मागून फोल्डर येतें. मराठींत आपण सहज म्हणतों, ‘____ या फोल्डरांत ____ ही फाइल तयार करतां येत नाहीं’. प्रोग्रॅम मात्र जुन्याच क्रमानें जागा भरतो. तेव्हां फाइलीच्या जागीं फोल्डर व फोल्डराच्या जागीं फाइल बसते. वाक्य व्याकरणानें निर्दोष, पण खोटें! यासाठीं जागांना क्रमांक देण्याची सोय आहे. दुसरी जागा आधीं आली तरी तींत दुसरेंच नांव बसावें असें तो क्रमांक सांगतो. वचनाचा प्रश्न त्या मानानें हलका आहे. मराठीसाठीं १ फाइल व ५ फाइली अशीं दोन रूपें दिलीं कीं पुरे. अरबीला सहा द्यावीं लागतात.

आतां शब्दांविषयीं. ‘इल्लीगल ऑप्शन’ याचें ‘बेकायदेशीर पर्याय’ असें केलें, तर बिचाऱ्या मुलास पोलीस येतील अशी भीति वाटावयाची. तेथें ‘हा पर्याय चालत नाहीं’ एवढेंच म्हणावें. ‘फेटल एरर’ म्हणजे प्राणघातक चूक नव्हे. पुढें काम चालविणें अशक्य झालें, इतकाच तिचा अर्थ. ‘चाइल्ड’ व ‘किल्ड’ हे शब्द एका ओळींत आले कीं शब्दशः भाषांतर करणारा काय लिहील हें सांगावयास नको. ‘संचिका’, ‘संचयिका’ हे शब्द मला आवडतात, परंतु मुलें बोलतांना फाइल व फोल्डर म्हणतात. अडलेल्या माणसास आधीं शब्दकोश पाहावयास लावूं नये असें मला वाटतें.

एवढें करूनही अक्षरांची अडचण उरते. आज्ञा टंकण्याचा पडदा सारख्या चौकटींत आंखलेला असतो. एका चौकटींत एक रोमन अक्षर, अशी त्याची मूळ रचना. आपला ऱ्हस्व इकार लिहिला जातो व्यंजनानंतर, पण दिसावयास हवा त्याच्या आधीं; जोडाक्षरें तर दोन चौकटींची एक करतात. त्यामुळें कित्येक ठिकाणीं शुद्ध मराठी वाक्यही पडद्यावर विस्कटलेलें दिसतें.

आणि एक व्यावहारिक सूचना. इंग्रजी तक्रार इंटरनेटवर शोधली तर तिचीं उत्तरें पुष्कळ मिळतात. तीच मराठींत शोधली तर फारच थोडीं. म्हणून लिनक्सवर मराठी वापरणाऱ्यानें एवढें ठाऊक करून घ्यावें कीं, आज्ञेपूर्वीं रोमन लिपींत, मोठ्या अक्षरांनीं, ‘एलसी’, खालची आडवी रेघ, ‘ऑल’, बरोबरचें चिन्ह व ‘सी’ हें अक्षर सलग लिहून एक जागा सोडली, तर तेवढ्या एका आज्ञेपुरती तक्रार मूळ इंग्रजींत मिळते. ती शोधून उत्तर सांपडलें कीं पुढील आज्ञेस पुन्हां मराठी आहेच.