जांघेतली सुपारीएवढी गाठ

कमरेच्या हाडाचं पुढचं टोक बोटाला सहज लागतं. तिथून तिरका खाली, ओटीपोटाखालच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत एक चिवट पट्टा ताणलेला असतो. डॉक्टर त्याला इंग्वायनल लिगामेंट म्हणतात. मांडीच्या पुढच्या भागात जे उतरतं, ते याच्याच खालून.

ही वाट मधल्या पडद्याने दुभागलेली असते. बाहेरच्या कप्प्यात मांडी उचलणारा जाड स्नायू आणि फीमोरल मज्जातंतू ठासून बसलेले. आतल्या कप्प्यात आधी धमनी. पट्ट्याच्या मध्याजवळ बोट दाबलं की तिचे ठोके लागतात. तिच्या आतल्या अंगाला नीला, आणि नीलेच्याही पलीकडे जेमतेम सव्वा सेंटिमीटर लांबीची एक पोकळी, फीमोरल कॅनाल. तिथे थोडी चरबी, एखादी लसिकाग्रंथी, बाकी काही नाही. पायाकडून येणाऱ्या रक्ताने नीला फुगते, तेव्हा तिला सरकायला ही जागा लागते.

गोम इथेच आहे. पोटातला दाब वाढला की आतडं या फटीत घुसू शकतं. स्त्रियांचं कटीर रुंद, त्यामुळे हा फीमोरल हर्निया त्यांच्यात अधिक दिसतो. फटीच्या आतल्या बाजूची कडा धारदार आणि ताठ, ती सैल पडत नाही. आतड्याचा रक्तपुरवठा तुटला की काही तासांतच ते काळं पडू लागतं. हीच कडा कापून आतडं सोडवायची रीत अंतोनिओ दे गिंबेर्नात या स्पॅनिश सर्जनने 1777 मध्ये लंडनला जॉन हंटर यांच्यापुढे मांडली. त्यातही मेख आहेच: काहींच्या त्या कडेवरून एक आडवाटेची धमनी जाते, ती कापली गेली तर रक्त आवरता आवरत नाही. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी तिचं नावच ‘मृत्यूचा मुकुट’ ठेवलं.

माझ्या मोठ्या मावशीला उलट्या सुरू झाल्या तेव्हा यातलं काहीच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सत्तरी ओलांडलेली, अंगाने काटकुळी. पित्त समजून सोडा दिला, मोरावळा दिला, इंजेक्शनही झालं. पोट फुगलं, वारा सरेना, तेव्हा तिला तालुक्याला नेलं. तिथल्या सर्जनबाईंनी पोट चाचपलं आणि लगेच लुगडं सरकवून जांघ पाहिली. घडीच्या खाली सुपारीएवढी टणक गाठ. ‘अवधाण असेल, पायाला काटा लागला होता,’ मावशी पुटपुटली. गाठ महिनाभर होती, पण असल्या जागेचं बोलायचं कुणाजवळ? त्याच रात्री ऑपरेशन झालं, आतड्याचा वीतभर तुकडा काढावा लागला. मावशी वाचली.

अडकलेली गाठ दुखतेच असं नाही, खोकल्यावर फुगतेच असंही नाही. तक्रार असते ती पोटाची. म्हणून उलट्या आणि फुगलेलं पोट एकत्र दिसलं की दोन्ही जांघा पाहायला हव्यात, डॉक्टरांनी पाहिल्या नाहीत तर आपणहून सांगायला हवं. गाठ टणक असेल, आत जात नसेल, तर ती दाबू नका, तेल लावून चोळू नका, रुग्णाला काही खाऊपिऊ घालू नका. जिथे सर्जन आहे तिथे थेट न्या. दुखत नसलेल्या गाठीलाही पट्टा बांधून वर्षं काढण्यात अर्थ नाही. फीमोरल हर्नियाचं निदान झालं की ऑपरेशन लवकर करून घ्यावं. घरातल्या वयस्कर बायका हे आपणहून सांगणार नाहीत. त्यांना विचारा, आडपडदा न ठेवता विचारा.