आधी बाटली वाचा

बायांनो, बाप्यांनो, तुम्ही आता वाचायला शिकलात. एसटीवरची पाटी वाचता. रेशनच्या दुकानातला फळा वाचता. आज आम्ही तुम्हाला आणखी एक गोष्ट वाचायला सांगणार आहोत. ती म्हणजे घर साफ करण्याच्या औषधाची बाटली. ती न वाचल्यामुळे आमच्याच घरात काय झाले, ते आधी ऐका.

२०२१ साल. जुलैची २२ तारीख. सावित्री नदी महाबळेश्वराच्या डोंगरातून निघते आणि पोलादपुरावरून महाडला येते. त्या दिवशी तिला मोठा पूर आला. महाडच्या बाजारपेठेत माणूस बुडेल एवढे पाणी चढले. त्याच पावसात तळिये गावावर दरड कोसळली. पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. किती तरी माणसे गेली. आमचे धान्य गेले, कपडे गेले, पण माणसे वाचली.

पाणी ओसरले. घरात गुडघाभर चिखल. घाण वास सुटलेला. आमची सून तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. आम्ही म्हटले, "सूनबाई, तू बस." पण घर असे पडलेले असताना कोण बसते? तिने खराटा घेतला आणि न्हाणी घासायला बसली.

रोगराई नको म्हणून आम्ही न्हाणीत टीसीएल पावडर टाकली. हीच ती ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत टाकतो ती. माप काही घेतले नाही, ओंजळ भरून टाकली. तरी फरशीचे डाग निघेनात. मग संडास साफ करण्याचे अॅसिड आणले आणि त्याच पावडरीवर ओतले.

झाले! फसफसून वाफ उठली. डोळे चुरचुरू लागले. घसा जळू लागला. सूनबाई खोकू लागली. तिला श्वास घेता येईना. "मामंजी, मामंजी" एवढेच ती म्हणाली. शेजारी एमआयडीसीत काम केलेले एक गृहस्थ राहतात. ते धावत आले आणि ओरडले, "गुरुजी, आधी तिला बाहेर काढा! न्हाणी राहू द्या!" तिला मोकळ्या हवेत नेले. तोंड धुतले. मग दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तिची छाती तपासली, बाळाचे ठोके ऐकले. म्हणाले, "वेळेवर बाहेर काढलेत, म्हणून निभावले."

घरी येऊन आम्ही चष्मा लावला आणि ती बाटली हातात घेतली. बारीक अक्षरात लिहिले होते : ब्लीचमध्ये मिसळू नये. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत वाचन शिकवले. पण ती एक ओळ काही आम्ही वाचली नव्हती!

असे का झाले?

ब्लीचिंग पावडर आणि अॅसिड एकत्र आले की क्लोरीन नावाचा विषारी वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूवर सोडला होता. आम्ही तोच वायू आपल्या न्हाणीत तयार केला. माप थोडे, पण जात तीच.

पोटातले बाळ स्वतः श्वास घेत नाही. आई श्वास घेते. त्यातला प्राणवायू तिच्या रक्तात जातो. तिथून तो वार आणि नाळ यांतून बाळाला पोचतो. म्हणून आईचा श्वास कोंडला तर बाळाचाही कोंडतो.

मग काय करावे?

१. दोन औषधे कधी एकत्र करू नका. ब्लीचिंग पावडरीत अॅसिड नको, लिंबू नको, व्हिनेगरही नको. गोठ्यात किंवा मुताच्या जागी पावडर टाकायची, तर आधी भरपूर पाणी ओता. मुतातला अमोनिया आणि ब्लीच मिळूनही वाईट वायू निघतो.

२. अॅसिडचे काम गरोदर बाईला देऊ नका. ते घरच्या पुरुषाने करावे. खिडकी-दार उघडे ठेवून करावे.

३. फिनेल, ब्लीच नुसते वापरू नका. लिहिलेल्या मापाने पाण्यात मिसळा. हातात रबरी मोजे घाला.

४. औषध सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. चिठ्ठी नसलेली बाटली विकत घेऊ नका.

५. झुरळांचे औषध फवारायचे तर गरोदर बाईने घराबाहेर थांबावे. वास जाईपर्यंत आत येऊ नये.

६. बाळाच्या दुपट्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात आणि जबर कावीळ होते. कपडे धुवा, उन्हात वाळवा.

७. पुराचा चिखल गरोदर बाईने उपसू नये. उंदराच्या मुताने त्यातून लेप्टोचा ताप येतो. लेप्टोची गोळी वाटायला कोणी आले, तर "मी गरोदर आहे" हे आधी सांगावे आणि डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

हे वाचून भिऊन जाऊ नका. साबण, धुण्याचा सोडा, चुलीची राख यांनी रोजचे बहुतेक काम होते. घर स्वच्छ हवेच. फिनेलचा वास एकदा नाकात गेला म्हणून बाळाला काही होत नाही. पण वासाने मळमळले, डोके दुखले, तर काम सोडा आणि बाहेर या. सासूबाईंनी अशा वेळी सुनेला आळशी म्हणू नये.

अपघात झालाच तर

श्वास कोंडला तर आधी मोकळ्या हवेत न्या. अंगावर किंवा डोळ्यांत उडाले तर साध्या पाण्याने वीस मिनिटे धुवा. पोटात गेले तर उलटी करवू नका. १०८ नंबरला फोन करा. दवाखान्यात जाताना ती बाटली बरोबर न्या. डॉक्टरांना ती वाचून उपाय कळतो.

आमची नात आता अंगणवाडीत जाते. तिला पाहिले की आम्हाला ती न्हाणी आठवते. म्हणून हा धडा लिहिला.

सांगा पाहू

१. ब्लीचिंग पावडरीवर अॅसिड ओतले तर काय होते?
२. आईचा श्वास कोंडला तर बाळाला का धोका होतो?
३. आज घरी जा. न्हाणीतली एक बाटली घ्या. तिच्यावरचे शब्द मोठ्याने वाचा आणि घरच्यांना ऐकवा.