एकाच बोंडात साखर आणि तेल

आपल्या जालना जिल्ह्यात कापूस पुष्कळ पिकतो. दसरा-दिवाळीला बोंडे फुटली की रान पांढरे दिसते. गुरुजी म्हणाले, हा कापूस साखरेपासून झालेला आहे. सगळा वर्ग हसला. मी थोडा कापूस चघळून पाहिला, पण गोड लागला नाही. का लागला नाही ते सांगतो.

सर्व सजीव पेशींचे बनलेले असतात. पेशी इतकी बारीक की बहुतेक डोळ्यांना दिसतच नाही. कापसाचा तंतू मात्र वेगळा. एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी! ती वाढून अडीच-तीन सेंटीमीटर लांब होते. बोंड फुटल्यावर ती वाळते आणि तिची भिंत तेवढी उरते. ही भिंत सेल्युलोजची असते. सेल्युलोज १८३८ साली फ्रान्समधील आन्सेल्म पेयां यांनी शोधले.

झाडाचे पान उन्हात हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड आणि मुळांनी ओढलेले पाणी घेऊन ग्लुकोज नावाची साखर करते. ग्लुकोज म्हणजे जणू मणी. मणी ओवले की पिष्ट होते आणि सेल्युलोजही होते. फरक फक्त ओवण्यात. पिष्टात सगळे मणी एकाच बाजूने ओवलेले, सेल्युलोजात एक सुलटा, एक उलटा. पिष्टाची माळ आपली लाळ तोडते, म्हणून ज्वारीची भाकरी खूप चावली की गोडसर लागते. करून बघा. सेल्युलोजची माळ आपल्याला तुटत नाही, म्हणून कापूस गोड लागत नाही. बैलाच्या पोटात मात्र ती तोडणारे सूक्ष्म जीव असतात. त्यांच्या जिवावर बैल कडबा खाऊन औत ओढतो.

साखर, पिष्ट, सेल्युलोज ही सगळी कर्बोदके. त्यांत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो.

आता सरकी. ती फोडून आतला गर कागदावर चोळा. डाग पडतो. पाण्याचा डाग वाळून जातो, हा जात नाही. हे तेल. तेलातही तीच तीन मूलद्रव्ये असतात, पण ऑक्सिजन फार थोडा. तेलाचा रेणू मला तिफणीसारखा वाटतो. वर ग्लिसरॉल आणि खाली मेदाम्लाचे तीन लांब फण. एक ग्रॅम कर्बोदकातून ४ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम तेलातून ९. म्हणून सरकीने आपल्या कोंबाची शिदोरी तेलात बांधली आहे. ज्वारीने पिष्टात बांधली.

प्रत्येक जिवंत पेशीभोवतीही स्निग्ध पदार्थाचा दुहेरी पातळ पडदा असतो. तेल-पाणी मिसळत नाही, त्यामुळे पेशीतला रस बाहेर सांडत नाही.

पालकांनी एक वाचावे. सरकीत गॉसिपॉल नावाचे पिवळे विषारी द्रव्य असते. मोठ्या गाई-म्हशींच्या पोटात ते बरेचसे निकामी होते, पण लहान वासरांना आणि कोंबड्यांना बाधते. खाण्याचे सरकीचे तेल शुद्ध करताना ते काढून टाकतात. आमची आजी वासराने म्हशीच्या पाटीत तोंड घातले की लगेच त्याला ओढून बांधते. म्हणते, "त्याला सरकी सोसत नाही रे." आजी शाळेत गेलेली नाही.

खिडकीजवळ भिंग आणि एक फुटलेले बोंड ठेवले आहे. एक तंतू सोडवून उजेडात बघा. सरकी मात्र तोंडात घालू नका.