तिसऱ्या मजल्यावरचं कपाट

प्रश्न : नंदुरबारमधल्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या वाचकाने ऑनलाइन सात फुटी कपाट मागवलं आहे. जोडणीला माणूस कसा ठरवावा?

उत्तर : आधी जिना मोजावा, मग माणूस शोधावा. अशा कपाटांना लागणारा १८ मिलिमीटर जाडीचा, आठ बाय चार फुटी पार्टिकल बोर्ड साधारण ३५ किलो भरतो. म्हणून वर चढवण्याची हमाली आणि जोडणी यांचे पैसे वेगळे ठरवावेत. पिनकोडवर डिलिव्हरी मिळते म्हणजे जोडणीवालाही येईल, असं नाही.

खरी गोची छताची. दोन फूट खोलीचं हे कपाट जमिनीवर आडवं जोडून उभं करताना कर्णाला सुमारे सात फूट साडेतीन इंच लागतात. त्याहून कमी उंचीच्या पोटमाळ्याखाली ते अडकणारच! तिथे उभ्यानेच जोडणारा कारागीर आणि धरायला मदतनीस हवा.

सातपुड्याच्या सागवानावर हात बसलेला सुतार अशा कपाटाच्या फळ्या जोडणाऱ्या मिनिफिक्स फिटिंगलाही सरावलेला असेलच असं नाही. पार्टिकल बोर्डात स्क्रू जास्त पिळला की भोक भुसभुशीत होतं, पकड जाते. असं कपाट पूर्वी जोडलंय का, हे बेधडक विचारावं.

रोजावर नको, ठोक रक्कम ठरवावी. दारं सरळ लागेपर्यंत काही पैसे हातचे राखावेत.