‘त्यांना चालेल’ हे दोन शब्द
आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 20 ते 22



परवा कपाट आवरत होते. सांगलीकडे आजीजवळ वाढणाऱ्या दोन भावंडांना कपडे पाठवायचे होते. दोन शर्ट, एक फ्रॉक आणि माझी कॉलेजची जुनी सॅक काढली. आई म्हणाली, "चेन गेलीय की गं हिची." मी पटकन बोलून गेले, "असू दे गं, त्यांना चालेल."

रात्री हे श्लोक वाचले आणि तेच दोन शब्द टोचले.

भगवंत इथे दानाचे तीन प्रकार सांगतात. कर्तव्य म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक. फळाच्या आशेनं किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. तामस दानाच्या खुणांमध्ये मात्र एक खूण आपण विसरतो : मान न राखता, तुच्छतेनं दिलेलं. म्हणजे घेणारा योग्य असला तरी देणाऱ्याचं मन चुकू शकतं. माझं चुकलं होतं.

आई-वडिलांचा आधार तुटलेलं प्रत्येक मूल अनाथाश्रमात जात नाही. बरीच मुलं आजी, मामा, आत्याकडे वाढतात. अशा मुलांसाठी आपल्या राज्यात बाल संगोपन योजना आहे. 2023 मध्ये तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव मिळालं आणि महिन्याचं अनुदान 1100 वरून 2250 रुपये झालं. सावित्रीबाई मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. पण 2250 रुपयांत जेवण, वह्या, औषधं भागवल्यावर दप्तराला काय उरणार?

साताऱ्याचीच आणखी एक आई आठवते. कर्मवीर भाऊराव पाटलांचं मूळ गाव सांगली जिल्ह्यातलं ऐतवडे बुद्रुक. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. नको असलेलं नाही, जिवापाड जपलेलं दिलं. ती मुलं त्यांच्यासाठी ‘ते’ नव्हती, ‘आपली’ होती.

दुसऱ्या दिवशी सॅकला नवी चेन बसवली आणि मापं विचारायला आजींना फोन केला. त्या हसल्या. "ताई, पोरगी आठवीला हाय आता. फ्रॉक कुठं घालती?" मी तोवर साधं विचारलंही नव्हतं.

आजचा संकल्प :

• देण्याआधी माप, वय आणि गरज विचारायची.
• कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करून द्यायचे. आपल्या भाचीला देणार नाही ते कुणालाच नाही.
• जूनमध्ये शाळा उघडण्याआधी दप्तर पोचवायचं. योग्य वेळ म्हणजे हीच.
• मुलांसोबत फोटो काढून स्टेटसला टाकायचा नाही. बाल न्याय कायदाही अशा मुलांची ओळख जपायला सांगतो.

देवा, हात देणारा दिलास, आता नजरही दे. घेणाऱ्या लेकराची मान खाली जाऊ नये, एवढं सांभाळून देता येऊ दे.

रामकृष्णहरी!