बाटलीवरचं नाव आणि आतला माल

पीएच.डी.च्या कामासाठी ज्यांना यंदा अँटिबॉडी विकत घ्यायची आहे, त्यांनी पैसे भरण्याआधी हे वाचावं. माजलगाव, पाथरी, परळीसारख्या गावांत राहून संशोधन करणाऱ्यांनी तर वाचावंच. मोठ्या संस्थेचं लेटरहेड नसलेल्या माणसाला टोलवता येतं, हे विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

मी माजलगावला तासिका तत्त्वावर शिकवते. प्रयोगाचं काम छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत, गढी-गेवराईमार्गे एसटीने जाऊन-येऊन. मला हवी होती माणसाच्या पी53 या प्रथिनाची मोनोक्लोनल अँटिबॉडी. हे प्रथिन 1979 मध्ये सापडलं आणि कर्करोगावर काम करणाऱ्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. डीओ-1 नावाचा क्लोन त्यासाठी जगभर वर्षानुवर्षं वापरात आहे. मागणीपत्रात मी तोच क्लोन नावानिशी लिहिला होता. आला दुसराच. "मॅडम, सेमच आहे, फक्त कंपनी वेगळी," हे मला पैसे भरून झाल्यावर सांगण्यात आलं. शंभर मायक्रोलिटर, म्हणजे मोजून दोन-तीन थेंब. त्यासाठी मी माझ्या मानधनातून पैसे बाजूला काढले होते, आणि आमचं मानधन कधी नि कसं मिळतं ते या क्षेत्रातल्यांना सांगायला नको.

पार्सल मे महिन्यात शनिवारी संध्याकाळी आलं. थर्माकोलच्या डब्यातली जेलपॅकं वितळून कोमट झालेली. मी उघड्या डब्याचे फोटो कुरिअरवाल्यासमोरच काढले.

बाटलीत काहीच नसतं तर बरं झालं असतं, दोन दिवसांत कळलं असतं. इथे बँड दिसायचा, आणि तोही अगदी हव्या त्या जागी. पी53 चं वजन हिशेबाने 43.7 किलोडाल्टन भरतं, पण जेलवर ते 53 च्या आसपास धावतं. आमचा पट्टा तिथेच, छान ठसठशीत. अडचण एकच होती. एमसीएफ-7 पेशींना डॉक्सोरुबिसिन दिलं की पी53 वाढायला हवं. आमचा पट्टा जागचा हलत नव्हता, की जाड होत नव्हता. गाइड सरांनी आधी औषधावर संशय घेतला, मग पेशींवर, शेवटी माझ्यावर. सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर "पिपेटिंग सुधारा" असं ऐकून घेतलं. अँटिबॉडीवर संशय मात्र कोणी घेतला नाही, कारण ती विकत आणलेली होती आणि सोबत छापील डेटाशीट होती. मी ते बोलून दाखवलं, तर ते कारणं सांगणं ठरलं.

पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत एच1299 पेशी होत्या. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या या पेशींत पी53 चा जनुकच तुटलेला आहे, त्यामुळे त्यांत हे प्रथिन तयारच होत नाही. तिने मला त्यांचं लायसेट दिलं. मी एका जेलवर तीन लेन चालवल्या: साध्या एमसीएफ-7, औषध दिलेल्या एमसीएफ-7 आणि एच1299. पहिलीत फिकट, दुसरीत गडद आणि तिसरीत कोरी जागा दिसायला हवी होती.

डार्करूमच्या लाल उजेडात फिल्म डेव्हलपरमधून वर काढली. तिन्ही लेनमध्ये एकाच जाडीचा पट्टा. जिथे पी53 असूच शकत नाही, त्या तिसऱ्या लेनमध्ये तो सगळ्यांत स्वच्छ उमटला होता. फिल्मवरून पाणी निथळत होतं आणि मी ती तशीच धरून उभी होते. आनंद आधी झाला की संताप, हे मला आजही सांगता येणार नाही. नुसती सेकंडरी अँटिबॉडी लावून दुसरी मेम्ब्रेन केली, ती कोरी निघाली. म्हणजे पट्टा त्या बाटलीचाच होता, फक्त तो भलत्याच प्रथिनावर बसत होता. पुढे मैत्रिणीकडची डीओ-1 त्याच लायसेटवर लावली आणि फिकट, गडद, कोरी असं जसं हवं तसं आलं. माझा हात व्यवस्थित होता, औषध व्यवस्थित होतं, पेशीही व्यवस्थित होत्या. सरांनी मान डोलावली. "पिपेटिंग सुधारा" हे शब्द मात्र कोणी मागे घेतले नाहीत.

डिस्ट्रिब्यूटरची उत्तरं क्रमाने सांगते, कारण तुम्हालाही हीच मिळतील. दुधाऐवजी बीएसएने ब्लॉकिंग करा. डायल्यूशन बदला. आणखी ब्लॉट पाठवा. एच1299 चा पुरावा पाठवल्यावर उत्तर आलं की डेटाशीटवर त्या पेशींचं नाव नाही, म्हणून हमी लागू नाही. तोवर तक्रारीची मुदतही संपली होती, आणि ती संपली ती त्यांच्याच सूचना पाळण्यात. वर "मोनोक्लोनल आहे मॅडम, ती चुकीचं दाखवणारच नाही."

दाखवते. 1975 मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी केंब्रिजला ही पद्धत काढली आणि 1984 चं नोबेल मिळवलं. पण एकाच पेशीच्या वंशातून आलेली अँटिबॉडी एकसारखी असते, एवढंच त्यातून ठरतं. ती ज्या तुकड्याला चिकटते, तसा तुकडा दुसऱ्या प्रथिनावरही असू शकतो. शिवाय एकसारखेपणाचीही खात्री नसते: 2018 च्या एका अभ्यासात अशा अँटिबॉडी बनवणारे 185 हायब्रिडोमा तपासले, तर जवळपास एकतृतीयांशांत अँटिबॉडीच्या जास्तीच्या साखळ्या तयार होताना सापडल्या. इस्ट्रोजेन रिसेप्टर बीटासाठीच्या 13 अँटिबॉडी 2017 मध्ये स्वीडनच्या गटाने तपासल्या, त्यांतली एकच खरी निघाली. 2023 मध्ये 65 प्रथिनांसाठीच्या 614 अँटिबॉडींची तपासणी प्रसिद्ध झाली. तिच्यात दिसलं की एकेका प्रथिनामागे सरासरी बारा शोधनिबंध असे आहेत, ज्यांत नापास अँटिबॉडीने मिळवलेली माहिती छापलेली आहे. हे वाचलं तेव्हा मला माझा सेमिनार आठवला.

2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा बियाणे कंपन्यांचं म्हणणंही असंच होतं, की पेरणी खोल झाली, ओल कमी होती. पण शेतकऱ्याला तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जाता आलं, पंचनामे झाले, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. संशोधकाच्या बाटलीचा पंचनामा करणारं कोणी नाही. म्हणून आमच्याकडचे जाणते जसे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण बघतात आणि मगच पेरतात, तसं आपलं आपणच बघायचं.

ज्या पेशीत ते प्रथिन नाही, ती पहिल्याच जेलवर हवी. तशी पेशी मिळत नसेल तर एसआयआरएनएने प्रथिन कमी करून बघा. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या पेशी-भांडारातून देशभरच्या संशोधकांना पेशी मिळतात, तिथे काय उपलब्ध आहे ते आधी विचारा. डेटाशीटवर नॉकआउट पेशींचा ब्लॉट नसेल, नुसतं शुद्ध प्रथिन लावून काढलेलं चित्र असेल, तर घेऊ नका. जमेल तिथे रिकॉम्बिनंट घ्या, त्यांचा निकाल त्या 2023 च्या तपासणीत सरस होता. मागणीपत्रावर क्लोनचं नाव आणि "पर्यायी माल स्वीकारला जाणार नाही" हे वाक्य लिहा, आणि हमीत कोणत्या पेशी येतात ते पैसे देण्याआधी ईमेलवर लिहून घ्या. फोनवर बोललेलं कामाचं नाही. ट्यूमरच्या ऊतीवर काम असेल तर नुसत्या सेकंडरीची मेम्ब्रेन चुकवू नका. रक्तातल्या आयजीजीची जड साखळी 50 किलोडाल्टनला येते, पी53 च्या अगदी शेजारी. पार्सल सोमवारी निघेल असं बघा, आणि माल प्रयोगशाळेच्याच पत्त्यावर मागवा, बिल कोणाच्याही नावाचं असो. लॉट नंबर वहीत लिहा. आल्या दिवशी छोटे ॲलिकॉट करा, पण डेटाशीटवर गोठवू नका म्हटलं असेल तर चार अंशांवरच ठेवा. संयम ठेवा, हेही सगळे सांगतात. मला त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

आणि गाइडने हातावर संशय घेतला तर वाद घालू नका, कोरी लेन दाखवा. एच1299 चं लायसेट मी छोट्या ट्यूबमध्ये भरून उणे 80 ला ठेवलं आहे. मराठवाड्यातल्या कोणाला पी53 ची बाटली तपासायची असेल, तर बर्फाचा डबा घेऊन यावं.