अनोळखी बदकाची ओळख

तापीच्या राजघाटाखाली किंवा एखाद्या उद्यानातील तळ्यात कधी असे बदक दिसते की, ते पक्षिपुस्तकातील कोणत्याही चित्राशी जुळत नाही. अंग काळे तर छाती पांढरी. किंवा सर्वांग खाकी आणि मान ताठ. ‘परदेशी पाहुणा आला’ अशी वार्ता लगेच पसरते. परंतु तो पक्षी वन्य आहे की कोणाच्या घरचा, हे आधी ठरविणे अगत्याचे होय. कारण त्याच्याशी आपण कसे वागावे हे त्यावरच अवलंबून असते.

पाळीव बदकांची कुळे दोनच. बहुतेक जाती उत्तर गोलार्धातील मॅलार्ड नावाच्या रानबदकापासून माणसाने घडविल्या. दुसरे कूळ मस्कोव्ही बदकाचे. नावात मॉस्को डोकावत असले तरी त्याची जन्मभूमी मध्य व दक्षिण अमेरिका आहे.

ओळख पटविताना रंगाचा विचार शेवटी करावा, असे आम्ही सुचवितो. शत्रूच्या नजरेत भरणारा रंग रानात टिकत नाही, माणसाच्या अंगणात मात्र टिकतो. म्हणून पाळीव बदके शुभ्र, काळी, चितकबरी, कशीही असतात.

प्रथम चेहरा पाहावा. डोळ्यांभोवती व चोचीच्या मुळाशी तांबड्या मांसल गाठी असतील, तर ते मस्कोव्ही समजावे. आपल्याकडील वन्य नकट्याशी त्याची गल्लत होते. पण नकटा नराच्या चोचीवरील उंचवटा काळा असतो आणि त्याच्या पांढऱ्या डोक्यावर काळे ठिपके असतात. नंतर शेपूट पाहावी. तिच्या मुळाशी वर वळलेली कुरळी पिसे ही मॅलार्ड-कुळातील नराची खूण होय. मग शरीराची ठेवण पाहावी. बाटलीसारखे उभे राहून धावणारे ते ‘इंडियन रनर’. ह्याचे मूळ मात्र इंडोनेशियाच्या बेटांत आहे. भारदस्त, पांढरे व नारिंगी चोचीचे ते चीनमधील ‘पेकिन’. अंड्यांसाठी प्रसिद्ध असलेले ‘खाकी कॅम्पबेल’ इंग्लंडात निपजले.

ह्या साऱ्यांशेजारी आपले हळदी-कुंकू बदक ठेवून पाहा. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके असतात. नावच जणू त्याचे ओळखपत्र! मॅलार्ड-कुळातील पाळीव बदकांशी त्याचा संकर होऊ शकतो आणि ती संतती पुढेही वाढते. न्यूझीलंडात माणसाने बाहेरून आणून सोडलेल्या मॅलार्डशी संकर झाल्यामुळे तेथील मूळचे करडे बदक दुर्मीळ झाले आहे. ते आपल्या हळदी-कुंकवाचे जवळचे आप्त होय. सोडलेला पक्षी परत धरता येतो. मिसळलेला वंश पुन्हा वेगळा करता येत नाही.

म्हणून पाळलेले बदक नको झाले की नदीत सोडणे, ही भूतदया नव्हे. जड अंगाच्या जातींना नीट उडता येत नाही आणि कुत्र्यांपासून पळ काढता येत नाही. असा पक्षी दिसल्यास त्याच्या मालकाचा शोध घ्यावा किंवा त्याला पाळणाऱ्याच्या हाती द्यावे. पक्षी वन्य ठरला, तर मात्र त्याला धरू नये, दुरूनच पाहावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे त्याला संरक्षण आहे.

वहीत तारीख, स्थळ, चेहरा, शेपूट, ठेवण आणि शेवटी रंग, ह्या क्रमाने नोंद करावी. आधी निरीक्षण, मग नाव. शास्त्राचा अभ्यास ह्याच क्रमाने होतो.